आकड्यांच्या नादी लागलेले मास्तर

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

कला शाखेच्या वार्षिक अंकात गणितातल्या माणसाचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण दहावीला गणिताला कोपरापासून नमस्कार करून या वर्गात येऊन बसले आहेत. आता इतिहास, मराठी, राज्यशास्त्र वाचायचे आणि बेरीज-वजाबाकीशी संबंध किराणा दुकानापुरता ठेवायचा, असा आपला बेत होता. पण गणित असे सुटत नाही! पोलीस भरती घ्या, तलाठी भरती घ्या, बँकेची परीक्षा घ्या. अंकगणित दारात उभेच. मग पुन्हा शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग. भल्या सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची, सरावाचे जाड पुस्तक उघडायचे आणि एकामागून एक उदाहरणे सोडवायची. पहिले चार दिवस अंगात वारे शिरल्यासारखे होते. आठव्या दिवशी तेच पुस्तक उशाला येते. परीक्षेची तारीख लांब, जागा थोड्या आणि रोजची उदाहरणे मात्र डोंगरासारखी समोर. भिंतीवर जिद्द, चिकाटी, परिश्रम असे शब्द मोठ्या अक्षरांत लावलेले असतात. त्यांच्याकडे बघून एखादा दिवस ढकलता येतो. सबंध पावसाळा नाही.

म्हणून ज्यांनी सगळ्या परीक्षा संपल्यावरही, पगार वाढणार नसतानाही आणि शाबासकी देणारे कोणी जवळ नसतानाही जन्मभर आकडेमोड सोडली नाही, अशा एका माणसाच्या आयुष्याकडे पाहावे असे मला वाटले. हा माणूस दूरदेशीचा नाही. आपल्याच महाराष्ट्रातला, नाशिकजवळच्या देवळालीतला एक साधा शाळामास्तर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ते छापलेले आढळते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनीच त्याला वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद येथे नको. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड पुष्कळ करावी लागते, आणि ती चुकून चालत नाही. घरात आई नाही, वडील संध्याकाळी आकडे मांडून बसलेले, आणि शेजारी हा मुलगा. असे चित्र मी मनाशी रंगवते. ते माझ्या मनातले आहे हे सांगितलेले बरे. मात्र आकड्यांची गोडी मुलाला वडिलांकडून लागली, हे खरे. दुसऱ्या मुलांना गोट्या मिळतात, याला आकडे मिळाले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. तेथे गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. फर्ग्युसनवर त्या काळी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे मोठे वलय होते. दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यातून निघालेला हा विद्यार्थी १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकावर आला होता आणि परत येऊन फर्ग्युसनचा प्राचार्य झाला होता. विद्यार्थ्याने गणितात स्वतःचे असे काही केले तर त्यासाठी परांजप्यांच्या नावाचे एक पारितोषिक दिले जाई. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले.

येथपर्यंतची हकिकत वाचली की पुढचे आपण गृहीत धरतो. आता हा हुशार मुलगा विलायतेला जाणार, रँग्लर होणार, मोठ्या पदावर बसणार! तसे काही घडले नाही. कापरेकरांनी पुढची पदवी घेतली नाही. ते देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. तीस-बत्तीस वर्षे तेच गाव, तेच फळ्याचे काम. शाळा सुटल्यावर सायकलवर टांग टाकून आसपासच्या विद्यार्थ्यांना शिकवायला जायचे आणि उरलेल्या वेळात आकडे. नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करीत राहणे हा त्यांचा विरंगुळा होता.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही म्हण आपण सारेच वापरतो. लष्कराच्या गावात राहून मास्तर नेमके तेच करीत होते, असे पाहणाऱ्याला वाटले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. कारण ते करीत काय होते? कोणी न दिलेली उदाहरणे सोडवीत होते.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण येथे सविस्तर देते. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. वजाबाकीपलीकडचे काही लागणार नाही. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा.

आपल्या सोलापूरला विसरता येणार नाही असे साल घेऊ, १९३०. त्या वर्षीच्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. १, ९, ३, ० या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ९३१०, लहानात लहान ०१३९. वजाबाकी ९१७१. आता ९७११ मधून ११७९ गेले, उरले ८५३२. पुन्हा ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. आणि ६१७४ चे तसेच केले तर? ७६४१ वजा १४६७, बरोबर ६१७४! संख्या आता जागची हलत नाही.

आता १९३१ घ्या. त्या वर्षी १२ जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्याला फाशी दिले गेले. ९३११ वजा ११३९, ८१७२. ८७२१ वजा १२७८, ७४४३. ७४४३ वजा ३४४७, ३९९६. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. पहिल्या वेळी तीन पायऱ्या लागल्या, या वेळी सहा. पण मुक्काम तोच. कोणतीही संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत ती ६१७४ ला येऊन थांबते. मास्तरांना हे १९४६ साली सापडले. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ते जाहीर केले. पुढे ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतील नियतकालिकात त्यावर त्यांचे लेखन आले. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

मला या गोष्टीतले खरे आकर्षण मात्र चमत्काराचे वाटत नाही. चमत्कार एकदा पाहून होतो. गंमत त्यानंतर आहे. दहा-पंधरा संख्या करून पाहिल्या की त्याच त्याच वजाबाक्या पुन्हा भेटू लागतात. ८१७२ पुन्हा दिसते, ३९९६ पुन्हा दिसते. मग मनात येते की, हे का? शाळेतले बीजगणित येथे कामास येते. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. मोठ्या संख्येतून लहान वजा केली तर उत्तर येते ९९९ गुणिले क आणि घ यांच्यातला फरक, अधिक ९० गुणिले ख आणि ग यांच्यातला फरक. म्हणजे मूळ संख्या कोणती हे महत्त्वाचे नाहीच, हे दोन फरक तेवढे महत्त्वाचे. १९३० मध्ये ९ आणि ० यांतला फरक ९, ३ आणि १ यांतला फरक २. म्हणून ८९९१ अधिक १८०, ९१७१. पाहा, जुळले! पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. हजारो संख्यांचा घोळका पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येऊन ठेपतो. ती ५४ उत्तरे एका पानावर मांडता येतात आणि प्रत्येक कोठून कोठे जाते हे बाण काढून दाखवता येते. सरतेशेवटी सगळे बाण एका ठिकाणी!

सरावाच्या पुस्तकात आपले काय होते? उदाहरण सोडवायचे, पुस्तकाच्या शेवटी उत्तर पाहायचे, जुळले की बरोबरची खूण करून पुढच्यावर उडी. उत्तर आले की उदाहरण मेले. शंभर उदाहरणे अशी एकेक करून मारीत जायची म्हटल्यावर माणूस थकणारच. कापरेकर मास्तरांच्या वहीला शेवटी उत्तरांची पाने नव्हती. त्यांचे उदाहरण उत्तर आल्यावर जिवंत होई. चार अंकांचे असे झाले, तर तीन अंकांचे काय? ते ४९५ ला येऊन थांबते. पाच अंकांचे? येथे गाडी रुळावरून घसरते. पाच अंकी संख्या एका जागी थांबतच नाही. ती फेऱ्यात सापडते. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तेथून परत ५३९५५, असे निरंतर. असे तीन फेरे आहेत. अभ्यासिकेत आम्ही तिघी मैत्रिणी एका दुपारी हे करीत बसलो होतो. त्या दुपारी आमच्या हातून किती वजाबाक्या झाल्या ते कोणी मोजले नाही. मात्र डबा खायचा राहून गेला एवढे आठवते.

मास्तरांचा दुसरा शोध वर्गांचा आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चेही तसेच होते, करून पाहावे. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २०२५ हे साल आले तेव्हा गणिताच्या पुष्कळ रसिकांना मास्तरांची आठवण झाली असेल.

नावे ठेवण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ संख्या असे नाव दिले. हा शब्द कोणत्या कोशात शोधू नये. जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनचे ते नाव. म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना त्या स्टेशनवर सुचली म्हणून संख्येला स्टेशनचे नाव! ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही त्या कुळातली सर्वांत देखणी भावंडे. आज डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहायला जागा मिळत नाही. तेथे एखाद्याला संख्या सुचली होती हे खरे वाटणार नाही.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, आनंद देणारी. १८ ला ९ ने भाग जातो म्हणून १८ हर्षद. रामानुजनांच्या गोष्टीमुळे अजरामर झालेली १७२९ सुद्धा हर्षदच. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. नावातच कळते की मास्तर गणिताकडून काय मागत होते.

आणि ‘स्वयंभू’ संख्या! ही कल्पना मला सर्वांत आवडते. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ पासून ३८, पुढे ४९, ६२, ७०. म्हणजे २३ ही २८ ची जनक, २८ ही ३८ ची. आता उलट विचारा, अशी एखादी संख्या आहे का की जिला जनकच नाही? २० ला नाही. एक अंकी संख्येपासून निघाले तर जास्तीत जास्त १८ पर्यंत पोहोचता येते, आणि १० ते १९ पर्यंतच्या संख्यांपासून निघाले तर दर वेळी विषम संख्या मिळते. २० मधल्यामध्ये सुटून जाते. १ ते १०० मध्ये अशा संख्या फक्त १३ आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यानंतरची पहिली स्वयंभू संख्या १०८, जपमाळेतल्या मण्यांची! सोलापूरच्या वाचकाला स्वयंभू या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. सिद्धरामेश्वरांनी आपल्या गावात ६८ लिंगे स्थापन केली. ती स्थापन केलेली, स्वयंभू नव्हेत. मी सहज ६८ ही संख्या तपासली. तिला जनक निघाली, ६१. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण अशा योगायोगानेच दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडावीशी वाटते. १९६३ साली मास्तरांनी स्वयंभू संख्यांवर देवळालीहून एक पुस्तिका काढली.

हे सारे ऐकून वाटेल की त्यांचे मोठे कौतुक झाले असेल. तसे झाले नाही. आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांना मास्तरांचे हे उद्योग पोरकट वाटत. ते हसत. मोठ्या नियतकालिकांची दारे त्यांना सहसा उघडली नाहीत. लहानसहान नियतकालिकांत काही लेखन आले. बाकीचे त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपाने छापले. प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. शिक्षकाच्या पगारातून छपाईचे बिल भागवायचे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी महिनाअखेर असते त्यांना कळेल.

हसणारे लोक अगदीच चुकीचे होते काय? येथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. गणिताच्या जाणकारांच्या दृष्टीने मास्तरांचे बरेचसे शोध आपण संख्या दहाच्या पायावर लिहितो यावर अवलंबून आहेत. आपल्या हातांना आठच बोटे असती आणि आपण आठच्या पायावर मोजत असतो, तर ६१७४ ला काहीच मान राहिला नसता. ज्या सिद्धांतांवर गणिताची मोठी इमारत उभी राहते, तशा जातीचे हे काम नव्हे. रामानुजनांशी त्यांची तुलना काही जण करतात. ती मला पटत नाही. रामानुजनांची झेप निराळी होती आणि त्यांना ओळखणारा हार्डीही भेटला. कापरेकरांना हार्डी भेटला नाही, आणि भेटला असता तर कदाचित तोही हसला असता.

मग एवढी वर्षे वाया गेली म्हणायची का? हा प्रश्न माझ्या घरचा आहे, म्हणून तो मला टाळता येत नाही. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. घरी आम्ही तेलुगू बोलतो, वडील मागावर चादरी विणतात आणि आई विड्या वळते. विडीची मजुरी हजारावर ठरते. मांडीवर सूप घेऊन आई बसली की बोटे आपोआप चालतात. गप्पा चालू असतात आणि तरी पंचवीसची जुडी पंचवीसचीच भरते. आमच्या घरी काम आणि मजुरी हे दोन शब्द वेगळे नाहीत. मजुरी नाही ते काम नव्हे, तो रिकामपणाचा खेळ. मी रात्री उदाहरणे सोडवीत बसले की आई कौतुकाने बघते, कारण त्याच्या पुढे नोकरी आहे असे ती धरून चालते. नोकरी नसती तर तिने बत्ती मालवायला सांगितली असती, आणि तिचे चूक म्हणता आले नसते. वीजबिल तीच भरते. अशा घरातून आल्यावर कापरेकरांचे आयुष्य वाचताना आधी रागच येतो. तेवढ्या वेळात आणखी चार शिकवण्या केल्या असत्या तर!

पण नीट पाहिले की ध्यानात येते की या माणसाने पोटाचे काम टाकून खेळ केला नाही. मुलांना शिकवून मग केला. आणि तो खेळ वर्गातही नेला. आपल्याला आकड्यांत जी गोडी वाटते तिच्या जोरावर ते मुलांना गणिताकडे ओढीत. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना बोलावणी येत. ज्या मास्तरांना स्वतःलाच वजाबाकीचा कंटाळा आलेला नाही, त्यांच्या वर्गात वजाबाकी कशी वाटत असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. आपण ज्याला सराव म्हणतो तो त्यांच्या बाबतीत कधी संपलाच नाही, कारण तो कशाची तरी तयारी म्हणून ते करीतच नव्हते. भरतीची तयारी करणाऱ्या माणसाला हे परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याला वेळ लावून ठरावीक मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात. तरी रोजच्या पन्नास उदाहरणांतले एक आपले स्वतःचे असावे, आकडे बदलून, उलटसुलट करून, काय होते ते पाहण्यासाठी ठेवलेले, एवढे मी मास्तरांकडून उचलले आहे. उरलेली एकोणपन्नास त्याच्या आधाराने उरकतात असा माझा अनुभव आहे. इतरांचा निराळा असू शकेल.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९६६ साली पत्नी वारल्या. निवृत्तिवेतन पुरेना. राहणी अगदी साधी होती, खर्चाचा असा शौकच नव्हता, तरी पुरेना. गणित आणि शास्त्र यांच्या शिकवण्या घेऊन त्यांना गुजराण करावी लागली. वय साठीच्या पुढे. या काळातही आकडे सुटले नाहीत. सुख होते म्हणून छंद होता, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही, ते या वर्षांमुळे.

आणि मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेत ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर नावाचे लेखक गणिती करमणुकीवर सदर लिहीत असत. मार्चच्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांची ओळख करून दिली. हे सदर जगभर वाचले जाई. देवळालीच्या मास्तरांचे नाव एका महिन्यात त्या देशांत पोहोचले, जेथे देवळाली नकाशावर कोठे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. आपल्या शाखेच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. हे गार्डनर गणिताचे पदवीधर नव्हते. शिकागो विद्यापीठातून ते तत्त्वज्ञान घेऊन १९३६ साली पदवीधर झाले होते आणि महाविद्यालयात गणित शिकलेच नव्हते. म्हणजे गणिताच्या पंडितांनी ज्यांना हसून बाजूला सारले, त्यांना जगापुढे आणले ते एका कला शाखेच्या माणसाने!

त्यानंतर संगणक आले. मास्तरांनी हाताने केलेली आकडेमोड यंत्रे क्षणात करू लागली, आणि सहा अंकी, सात अंकी, दहा अंकी संख्यांचे काय होते ते तपासले जाऊ लागले. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना ६१७४ चा सराव देण्याची रीत आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मित्राला विचारावे. त्याने तो केलेला असण्याचा संभव बराच आहे. ज्यांच्या नावाने तो सराव आहे ते देवळालीचे होते हे मात्र त्याला ठाऊक असेलच असे नाही.

१९८६ साली देवळालीतच कापरेकर मास्तरांचे निधन झाले.

हा लेख लिहिताना त्यांच्या जन्माचे आणि मृत्यूचे साल मी त्यांच्याच रीतीने मांडून पाहिले. १९८६ पासून पहिल्या वजाबाकीत ८१७२ येते. १९०५ पासून आधी ९३५१ येते आणि मग ८१७२. तेथून पुढे दोन्ही वाटा एकच: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सोलापूरचे १९३१ हे सालही याच वाटेने गेले होते, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मृत्यूच्या सालाला सहा पायऱ्या लागल्या आणि जन्मसालाला पुऱ्या सात, म्हणजे कोणत्याही चार अंकी संख्येला लागू शकतील तेवढ्या.